सर्वांत कमी दराचा भाऊ

कोहळगाव, ता. नेर
१८ जुलै २०२३

तीर्थस्वरूप शंकरभाऊ यांस,
मानलेली बहीण अमिनाबीचा सलाम आणि सा. न. वि. वि.

इकडे आम्ही, म्हणजे मी आणि दुकान, ठीक आहोत. तुमच्या तांड्यावर सोयाबीन उगवलं की पुन्हा पेरावं लागलं ते कळवा. परवा फोन केला होता. तुम्ही प्रत्येक गोष्टीला हो हो म्हणालात आणि शेवटी कोण बोलतंय असं विचारलंत. तेव्हा पोस्टाचा रस्ता बरा. उशा गुंडाळायच्या रद्दीवर मी वाचायला शिकले, त्याचाही काही उपयोग व्हावा.

एका कामासाठी लिहिते आहे. आमच्या गावाबाहेर मुलींचं सरकारी वसतिगृह आहे. तिथल्या जुन्या गाद्या उसवून, रुई पिंजून, थोडी नवी घालून नव्या खोळीत भरायच्या आहेत. त्यासाठी त्यांनी सीलबंद लिफाफ्यात दर मागवले. मे महिन्यात मी माझा लिफाफा दिला, पण दुसरा कोणी आलाच नाही, म्हणून त्यांनी सगळंच रद्द केलं. ऑफिसातला बाबू म्हणाला की निदान तीन लिफाफे लागतात, नाहीतर स्पर्धा झाली असं धरत नाहीत. मी म्हटलं, या भागात रुई पिंजणारं दुसरं दुकानच नाही, तर मी स्पर्धा कोणाशी करू. त्यावर तो आवाज खाली करून म्हणाला की बाई, सगळे करतात तेच करा, आपलीच दोन माणसं घेऊन या.

तुमच्या नावावर कापसाच्या व्यापाराची फर्म आहे आणि बादलनं तिचे कागद पूर्ण करून ठेवलेत. तुम्ही एक लिफाफा भरा. राळेगावची माझी नणंद फरहाना दुसरा भरते आहे. तिघांचीही अनामत मीच भरीन. काम तुमच्या अंगावर येणार नाही असा दर लिहा म्हणजे झालं. माझा दर मात्र मी तुम्हाला कळवणार नाही. अटींचा कागद मी नीट वाचला आहे. त्यात स्पष्ट आहे की दर भरणाऱ्यांनी आपला दर एकमेकांना सांगू नये. एकानं दुसऱ्यासाठी लिफाफा भरू नये, असं मात्र कुठे सापडलं नाही. मी शोधलं.

हे काम मिळायला हवं, भाऊ. सैफचे अब्बा गेल्यापासून पिंजायची मशीन झाकून ठेवलेली आहे आणि मी पुढे बसून तयार उशा विकते. सैफ पुण्याहून दर रविवारी फोन करतो की दुकान काढून टाक आणि इकडे ये. पोरगा चांगला आहे, चिडत नाही, त्यामुळे त्याला नाही म्हणणं अवघड जातं. मी त्याला शब्द दिलाय की वसतिगृहाचं काम मिळालं तर मी राहीन, नाही मिळालं तर दिवाळीआधी कुलूप लावून येईन. काम मिळालं तर मशीनवर बसायला कारंज्याचा एक कारागीर तयार आहे.

लालीवहिनींना सलाम. बबिताला आशीर्वाद. लोभ आहे तेवढा राहू द्या, वाढवायची घाई नाही.

तुमची बहीण,
अमिनाबी


मोतीराम तांडा, ता. पुसद
२९ जुलै २०२३

चि. बहीण अमिनाबी हिस शंकरसिंगचा जय सेवालाल व अ. उ. आ.

पत्र भेटलं. सूनबाईनं, बबितानं, वाचून दाखवलं. मंग मी सोता पुन्हा वाचलं, काहून की बबिता मधातले टोमणे गाळून वाचते. फोनवर मी हो हो म्हनतो हे खरं आहे. लालीबाईसंगं संसार केल्यावर मानूस दुसरं काय म्हनन.

सोयाबीन उगवलं, पन पानी थांबूनच नाही राह्यलं. नाल्याकडचं वावर दोन डाव पान्याखाली गेलं. बाकी बरं आहे.

तुह्या लिफाफा टाकला. बादल ट्रक घेऊन हैदराबादकडं गेलता, म्हून भाव मीच लिहिला, माह्या हातानं. लालीबाई म्हने पोराले येऊ द्या. मी म्हटलं बहीनभावाच्या गोष्टीत पोरगा कायले. तू फिकीर करू नको. बैलाच्या अन् कापसाच्या हर्राशीत माह्या जन्म गेला. आपल्या मानसाचा माल आपल्या अंगावर येऊ नये म्हून काय करा लागते, हे मले कोनी शिकवू नये. असा भाव लिहिला की सायेब लोक वळून पाहनार नाही. लिहितानी मलेच हसू येऊन राह्यलं होतं.

जमीरभाईची, सैफच्या अब्बाची, लय याद येते. चहा पाजल्याबिगर कापसाचा भाव बोलत नव्हते, अन् भाव फिसकटला तरी पुन्हा चहा पाजत. तसा गिऱ्हाईक आता नाही राह्यला.

तब्येत सांभाळ. भावाची माया कमी नाही, फक्त कान कमी आहेत.

तुह्या भाऊ,
शंकरसिंग


कोहळगाव
१९ ऑगस्ट २०२३

ती. शंकरभाऊ यांस,
अमिनाबीचा सलाम. वि. वि.

काल लिफाफे उघडले. मी सकाळीच वसतिगृहाच्या ऑफिसात जाऊन बसले होते. यवतमाळहून मोठ्या मॅडम आल्या होत्या. तिन्ही लिफाफ्यांवर लाख लावलेली होती. ती फोडण्याआधी बाबूनं आम्हाला ती दुरून दाखवली, लग्नात मुलीच्या अंगावरचे दागिने दाखवतात तशी.

पहिला फरहानाचा उघडला. तिनं भरपूर दर लावला होता, मॅडमच्या कपाळाला आठ्या पडल्या. मग माझा. त्या म्हणाल्या, हा वाजवी दिसतो. मला वाटलं, आता उठावं आणि घरी जाऊन चहा टाकावा. तेवढ्यात तुमचा उघडला.

भाऊ, तुमचा दर वाचून बाबूनं कागद उलटा करून पाहिला, मागच्या बाजूला काही राहिलंय का म्हणून. त्या दरात खोळीचं कापड जेमतेम येतं. रुई, पिंजाई, शिलाई, सुतळी, गाडीभाडं हे सगळं तुम्ही सरकारला भेट दिलं आहे. मॅडम फार खूश झाल्या. त्यांनी सगळ्यांना उभं राहायला लावून सांगितलं की खुली स्पर्धा झाली की जनतेचा पैसा कसा वाचतो ते पाहा, मे महिन्यात एकाच लिफाफ्यावर काम दिलं असतं तर केवढं नुकसान झालं असतं. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या की ताई, पुढच्या वेळी तुम्हीपण जरा तयारीनं स्पर्धेत उतरा. मी हो हो म्हटलं. ते तुमच्याकडून शिकले.

ज्याचा दर सर्वांत कमी त्याला काम, हे ऑफिसच्या शिपायालासुद्धा माहीत आहे. म्हणून घरी येईपर्यंत माझ्या डोक्यात एकच होतं की भाऊंना हे काम स्वतःलाच हवं होतं का. हवं असेल तर तसं सांगायचं होतं. मी दिलं असतं. तुमच्या घरचं मीठ सैफच्या अब्बांनी खाल्लं आहे. पण असं लाखेच्या लिफाफ्यातून कळायला नको होतं.

आता काम तुमचं आहे. करायचं की सोडायचं ते तुम्ही ठरवा आणि मला लवकर कळवा, कारण मला सैफला सांगायचं आहे. राखी याच पाकिटात घातली आहे. ती मी आधीच घेऊन ठेवली होती, तिचा या गोष्टीशी संबंध नाही.

पुढचं तुमच्या मनावर.

अमिनाबी


मोतीराम तांडा
२७ ऑगस्ट २०२३

अमिनाबाई नणंदबाईस लालीबाईचा रामराम आणि भरपूर माया.

बोलते मी आणि लिहिते बबिता. तिला बजावलं आहे की एक शब्द गाळायचा नाही.

तुमचं पत्र आलं तेव्हापासून तुमचे भाऊ जेवायला बसतात आणि भाकरीकडे पाहून उठतात. काम पाहिजे होतं का, असं तुम्ही विचारलं ते त्यांच्या काळजात गेलं. बाई, या माणसाला सुईत दोरा ओवता येत नाही, तो गाद्या कायले शिवन. झालं काय ते सांगते. हर्राशीत जो जास्त बोलते त्याले बैल भेटते. ज्याला घ्यायचा नाही तो हलकं बोलून बाजूला होते. आपल्या माणसाचा माल असला तर त्याच्यावर चढून बोलायचं नाही, ही आमच्यातली रीत आहे. चढून बोललं तर वर्षभर तांड्यात कोणी पाणी विचारत नाही. तर यांनी तुमच्यावर चढायचं नाही म्हणून मनात येईल तेवढा खालचा भाव लिहिला. आणि लिहून झाल्यावर मिशीवर हात फिरवून मला म्हणाले, बहिणीसाठी एवढं पडतं घेणारा भाऊ पुसद तालुक्यात दुसरा दाखव.

सरकार विकत नव्हतं, विकत घेत होतं, हे बादलनं येऊन सांगितलं तेव्हा यांना कळलं. त्यालाही ते तीन वेळा ओरडून सांगावं लागलं. सगळ्या तांड्यानं ऐकलं. आता पोरं यांना दुरून विचारतात की आजोबा, बैल काय भावानं फुकट देता.

बादलचं म्हणणं असं की काम सोडलं तर अनामत बुडते, फर्मचं नाव काळ्या यादीत जाते आणि ते ऑफिस पुन्हा पहिल्यापासून जाहिरात काढते. पुन्हा जाहिरात निघेपर्यंत तुमची दिवाळी होऊन जाईल आणि तुम्ही पुण्यात असाल. तुमचे भाऊ म्हणतात, काळ्या यादीत गेलो तरी चालेल, बहीण म्हणेल ते करतो.

आता माझं ऐका. गेल्या सालचा कापूस भाव येईल म्हणून घरात भरून ठेवला. भाव आला नाही. माणसं पडवीत झोपतात आणि कापूस आतल्या खोलीत. खाज सुटून सुटून मी कंटाळले. त्यातला थोडा जिनिंगवर नेऊन रुई करून घेतो आणि तुमच्याकडे आणून टाकतो. तेवढीच माझी खोली मोकळी होईल. मीपण येते, टाके मला घालता येतात. कापडाचं सरकार देईल. पिंजायचं काय ते तुम्ही पाहा.

राखीपौर्णिमेची वाट न पाहता यांनी राखी दारातच बांधून घेतली, मीच बांधली. बायकोनं राखी बांधलेला तांड्यातला हा पहिलाच माणूस.

माझा राग कोणावरच नाही, तुम्हीही ठेवू नका.

लालीबाई

ता. क. आत्यांना बबिताचा नमस्कार. सासूबाईंनी सांगितलेलं सगळं लिहिलं. बाबा खरंच जेवत नाहीत. फक्त चहा घेतात, तोही दिवसातून पाच वेळा, बिस्किटांसह.


कोहळगाव
२४ सप्टेंबर २०२३

ती. शंकरभाऊ आणि लालीवहिनी यांस,
अमिनाबीचा सलाम व सा. न. वि. वि.

तुम्ही दोघं रुई टाकून गेलात आणि दुसऱ्या दिवशी कारंज्याचा कारागीर आला. त्यानं दर विचारला, मी सांगितला. तो म्हणाला, मावशी, या दरात मी गादीवर फक्त झोपू शकतो. चहा पिऊन गेला. नेरमध्ये, दारव्ह्यात विचारून पाहिलं, कोणी तयार नाही. माझा दर लागला असता तर कारागिराची मजुरी निघाली असती. तुमच्या दरात निघत नाही.

म्हणून पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मशीन मीच उघडली. सैफच्या अब्बांचा तोंडाला बांधायचा गमछा हँडलला तसाच लटकत होता. मी तो धुतला नाही. झटकला आणि बांधला. पट्टा वाळून चिरला होता, तो गॅरेजवाल्यानं बदलून दिला. इतकी वर्षं त्यांच्या शेजारी बसून मी दाभणानं टाके घातले, पण मशीनला हात लावू दिला नाही त्यांनी, बोटं जातील म्हणायचे. पहिल्या दिवशी रुईचे नुसते गोळे पडले. दुसऱ्या दिवशी जरा सुटी झाली. नंतर एकदा दुपारी वर पाहिलं तर सगळ्या दुकानात ती उडत होती, ते असताना उडायची तशी. मी मशीन बंद करून थोडा वेळ बसले. मग पुन्हा चालू केली, कारण वसतिगृहाची मुदत आहे. बोटं सगळी जागेवर आहेत.

अटींमध्ये असंही लिहिलंय की ठेकेदारानं काम दुसऱ्याला देऊ नये. म्हणून बाबूनं सांगितल्याप्रमाणे मी कागदोपत्री तुमची मजूर झाले आहे आणि माझ्याच दुकानात रोज तुमच्या हजेरीपटावर सही करते. मालक स्वभावानं बरा आहे. पगाराचं तेवढं काढत नाही.

वसतिगृहातल्या निकिता नावाच्या मुलीनं जुनी गादी देताना विचारलं की तिची तिलाच परत मिळेल का. मी म्हटलं, रुई सगळी एकत्र होते, कोणाची कुठे जाईल ते सांगता येत नाही. ती म्हणाली, मग निदान भिंतीकडच्या खाटेवरची तरी जरा जाड भरा. तशी भरली. हे कुठल्या अटीत बसत नसेल तर तुम्ही ठेकेदार आहात, तुम्ही पाहा.

सैफला अजून काही बोलले नाही. तो विचारतो की काम मिळालं का. मिळालं म्हणावं तर खोटं, नाही म्हणावं तर कुलूप. सध्या मशीनच्या आवाजात ऐकू येत नाही असं सांगून फोन ठेवते.

वहिनी, रागात जे लिहिलं ते भाऊंनी पुन्हा पुन्हा वाचू नये म्हणून तो कागद चुलीत घाला. तुमची माया मापात नाही हे मला ठाऊक आहे, दर तर त्याहून नाही.

अमिनाबी


मोतीराम तांडा
१६ ऑक्टोबर २०२३

चि. बहीण अमिनाबीस शंकरसिंगचा जय सेवालाल व आशीर्वाद.

गाद्या पोचवून घरी आलो. तू दुकान सोडून आली नाहीस, म्हून तिथलं सांगतो. मोठ्या मॅडम आल्या होत्या. त्याईनं मले बरंच विचारलं. मले कायबी ऐकू आलं नाही, मी हो हो म्हटलं. मंग त्याईनं वहीत समाधानकारक असं लिहिलं. बाहेर आल्यावर बादलनं सांगितलं की एवढ्या कमी दरात तुम्हाले परवडते का, असं विचारून राह्यल्या होत्या.

पोरी गाद्या टाकल्याबरोबर आडव्या झाल्या. वार्डनबाई उठा म्हने, कोनी उठून नाही राह्यलं.

आता ऐक. ऑफिसची चिठ्ठी आली. आनखी तीन वसतिगृहांच्या गाद्या करायच्या आहेत, तुमच्यासारख्या कमी दराच्या भरोशाच्या पुरवठादारानं अवश्य दर भरावा, असं लिहिलं. बादलनं घरातले सगळे पेन उचलून ट्रकमधी ठेवले.

सैफले काय सांगतलं ते लिही. दिवाळी जवळ आली. दुकान बंद करत असशीन तर मशीन हलवाले मी गाडी घेऊन येतो. नसशीन करत तरी येतो. पन काय ते कळव, लालीबाई रोज विचारते अन् मले उत्तर देता येत नाही.

तुह्यावर जीव आहे, तो काही निविदेतला नाही.

शंकरसिंग


कोहळगाव
५ नोव्हेंबर २०२३

ती. शंकरभाऊ यांस,
अमिनाबीचा सलाम आणि सा. न. वि. वि. लालीवहिनींना आणि बबिताला दिवाळीच्या आगाऊ शुभेच्छा.

उत्तराला उशीर झाला, कारण लिहायला बसले की गिऱ्हाईक येतं.

सैफ मला न्यायलाच आला होता, दोन रिकाम्या बॅगा घेऊन. एसटीतून उतरला तो सरळ दुकानात आला. दुकानात तानाबाई बसली होती, तिच्या मुलीचं, वर्षाचं, लग्न ठरलंय, रुखवतासाठी गाद्या आणि रजया हव्यात. तिच्यामागे आणखी दोघं होते. सैफनं बॅगा खाली ठेवल्या, त्यावर एका आजोबांनी रजई टेकवली. झालंय असं, भाऊ, की सैफचे अब्बा गेल्यावर मशीनचा आवाज बंद झाला तेव्हा लोकांनी दुकानही बंद झालं असं धरलं. मी पुढे बसलेली दिसायचे, पण ती आपली उशावाली बाई. तुमच्या गाद्यांसाठी मशीन चालू झाली आणि आवाज पार बाजारापर्यंत गेला. थंडी तोंडावर आहे, घरोघरच्या रजया निघाल्या आहेत.

रात्रीच्या जेवणाआधी सैफनं विचारलं की काम मिळालं का. मी खरं ते सांगितलं, की मी हरले आणि शंकरमामा जिंकले. त्यानं विचारलं, नफा किती झाला. मी म्हटलं, अजिबात नाही, आणि सरकारनं बिलही अजून काढलेलं नाही. मग तो म्हणाला, अम्मी, शब्द असा होता की काम मिळालं तर राहशील. मी त्याला म्हटलं की काम तर मी केलं, हे हात पाहा. तो माझ्या हातांकडे पाहत राहिला. बापाच्या हातांवर असायचे तसे घट्टे अजून पडले नाहीत, पण सुरुवात आहे. मग जेवला आणि लवकर झोपला.

भाऊ, तुम्ही दर बरोबर लिहिला असता तर कारंज्याचा कारागीर आत बसला असता आणि मी बाहेर. तो गाद्या संपवून गेला असता. पुढच्या दिवाळीला सैफच्या बॅगा भरल्या गेल्या असत्या. हे मी तुमचं कौतुक म्हणून लिहीत नाही. तुम्हाला बैल आणि गादी यातला फरक अजून शिकायचा आहे. पण जे झालं ते असं झालं.

ऑफिसच्या चिठ्ठीचं विचारलंत. ती जाहिरात मी पूर्ण वाचली. तिन्ही वसतिगृहांसाठी अंदाजित दर म्हणून त्यांनी तुमचाच दर धरला आहे आणि त्याहून जास्त दर आला तर विचार होणार नाही असं लिहिलं आहे. म्हणजे आता त्या दरात या जिल्ह्यात कोणी गादी करू शकणार नाही, आणि तीनच काय, एकही लिफाफा येणार नाही. बाबू परवा दुकानात येऊन हळूच विचारत होता की तुमचे ते पुसदवाले भाऊ पुन्हा भरतील का. मी सांगितलं, ते सध्या शेतात आहेत. तो जाताना त्याची स्वतःची रजई ठेवून गेला. त्याला पूर्ण दर लावला आहे.

मी दुकान बंद करत नाही, हे वहिनींना आजच सांगा. गाडी घेऊन या, पण मशीन हलवायला नाही, फराळाला या.

सैफ काल गेला. बॅगा रिकाम्याच नेल्या. एसटी यायला वेळ होता म्हणून मला म्हणाला की पुण्याच्या खोलीत फोमच्या गादीनं पाठ धरते, एक चांगली भरून दे. मी त्याला म्हटलं, नाव सांगून जा, तुझ्याआधी बरेच जण आहेत. तो हसला नाही. गल्ल्याजवळ उभा राहिला, आपलं पूर्ण नाव सांगितलं, बापाच्या नावासकट, आणि गेला.

तुमचा लोभ मला सर्वांत कमी दरात मिळाला आहे, तो असाच पुरवत राहा.

तुमची बहीण,
अमिनाबी